मिल्काबाईंचा शनिवार

मिल्काबाई नागावकर गेल्या, असा त्यांच्या मुलीचा निरोप परवा इस्राएलहून आला. तो वाचून माझ्या मनात पहिला विचार काय आला ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. वाटलं, सुटल्या बिचाऱ्या तिथल्या नर्सबाई.

मी वृद्धाश्रम चालवते. तिसगाव सोडून पाथर्डीकडे निघालं की डाव्या हाताला आमची बैठी इमारत दिसते. पुढे चार कडुलिंब आणि एक बोअर आहे. उन्हाळ्यात त्या बोअरला पाणी नसतं. तीसेक म्हातारी माणसं आहेत. हट्टी माणसांची मला सवय आहे. गोळ्या गालात धरून नंतर कुंडीत थुंकणारे आहेत, रोज संध्याकाळी पिशवी भरून घरी निघणारे आहेत. पण साडेचार वर्षांत मिल्काबाईंनी मला जेवढं जेरीस आणलं, तेवढं बाकीच्या सगळ्यांनी मिळून आणलं नसेल.

आल्या त्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे लेखी तक्रार दिली. तीन प्रतींत. प्रवेशअर्जावर आमच्या ऑफिसातल्या मुलीने धर्माच्या रकान्यात ‘ख्रिश्चन’ लिहिलं होतं. त्यात तिची फारशी चूक नव्हती. आमच्या जिल्ह्यात मिल्का, रूथ, सारा अशी नावं ख्रिस्ती घरांतूनच ऐकलेली. मिल्काबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मला विचारलं, “तुझं नाव काय?”

“सुलभा.”

“सुलभा, मी ज्यू आहे. बेने इस्राएल. माझे पूर्वज कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. मला मराठीखेरीज दुसरी भाषा धड येत नाही. मी ख्रिश्चन नाही, पारशी नाही आणि ‘इतर’ तर अजिबात नाही. काय सांगितलं मी? परत म्हण.”

मला वाटलं, ऐकू कमी येत असेल. पण नाही, ती त्यांची सवय होती. नगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी तेहतीस वर्षं काढली होती, शेवटी सुपरवायझर होऊन निवृत्त झाल्या. समोरच्याने नंबर परत म्हणून दाखवल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही, ही तिथली शिस्त त्यांनी अंगावर चढवली ती कधी उतरवलीच नाही. आश्रमातल्या प्रत्येक माणसाला त्यांचं बोलणं परत म्हणून दाखवावं लागे. मलाही. “आज कढी आंबट झालीय. काय म्हटलं मी?” “आज कढी आंबट झालीय, मिल्काबाई.” “हं. जा आता.”

त्यांचे यजमान लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, ते बऱ्याच वर्षांपूर्वी वारले. मुलगी दीना लग्न होऊन इस्राएलला गेली. नगरात एकेकाळी त्यांची पाच-सहा कुटुंबं होती, तीही हळूहळू मुंबईला, पुण्याला आणि पुढे इस्राएलला गेली. मिल्काबाई तेवढ्या उरल्या. आमचा आश्रम त्यांनी निवडला, कारण आमच्याकडे कांदा-लसूण चालतो पण अंडं-मटण शिजत नाही. त्यांच्यात दूध आणि मांस एकत्र येऊ द्यायचं नसतं, भांडीसुद्धा वेगळी लागतात. “तुमच्या स्वैपाकघरात चुकायला काही जागाच नाही,” असं त्या म्हणाल्या. मी हे कौतुक समजले. पुढे कळलं की चुकायला जागा शोधण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून बोटभर लांबीची एक लाकडी डबी काढली. आमच्याकडचा भानुदास म्हणजे सुतार, प्लंबर, ड्रायव्हर सगळं एकच. त्याला बोलावून सांगितलं, ही खोलीच्या दाराच्या उजव्या चौकटीला ठोक. भानुदासने ओळंबा लावून सरळ ठोकली.

“तिरपी पाहिजे.”

“आजी, तिरपं कुनी ठोकतं व्हय? लोक हसत्याल मला.”

“वरचं टोक खोलीच्या आत झुकलेलं. काय सांगितलं मी?”

भानुदासने काढून पुन्हा ठोकली. ती फार तिरपी झाली. तिसऱ्यांदा काढली तेव्हा चौकटीचा टवका उडाला आणि त्याचीही तक्रार माझ्याकडे आली, तीन प्रतींत. त्या डबीला मेझुझा म्हणतात, आत त्यांच्या धर्मग्रंथातल्या ओळी लिहिलेली गुंडाळी असते, जाता-येता हात लावून तो हात ओठांना लावायचा असतो. मिल्काबाईंना तसं करताना बाकीच्या म्हाताऱ्यांनी पाहिलं. दाराशी काहीतरी देवाचं आहे एवढं त्यांना पुरे झालं. आठवड्याच्या आत तिथे हळद-कुंकू लागलं, झेंडूचं फूल अडकवलं गेलं. मिल्काबाई पदर खोचून व्हरांड्यात उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “हा देव नाही! आत लिहिलेला मजकूर आहे, मजकूर! आमच्या देवाला कुंकू लागत नाही!”

त्यांच्याच खोलीतल्या शेवंताबाई पलंगावरून म्हणाल्या, “मंग त्याला लागतं तरी काय? नुसतं बोलनं खातो का तुमचा देव?”

या शेवंताबाई पाथर्डीच्या पूर्वेकडच्या एका वाडीवरच्या. चाळीस हंगाम ऊस तोडला होता त्यांनी. कंबर मोडली तशी टोळीबरोबर जाणं थांबलं. धाकटा गेला तेव्हापासून एकच मुलगा उरला होता, अंकुश. तो आणि त्याची बायको दिवाळी झाली की कारखान्यावर जात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येत. तेवढे महिने आई आमच्याकडे. पुढे पुढे ती बारा महिने आमच्याकडेच राहिली. शेवंताबाईंना अक्षर येत नव्हतं, आवाज मात्र फडात या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असा. मिल्काबाईंना त्या ‘टेलिफोन’ म्हणायच्या. “आमचा टेलिफोन आज तापलाय,” असं सकाळीच मला सांगून ठेवायच्या. दोघींना एका खोलीत ठेवल्याबद्दल दोघींनीही मला कधी माफ केलं नाही. मी दोनदा खोली बदलून देते म्हटलं, तेव्हा दोघींनीही नकार दिला. मिल्काबाई म्हणाल्या, “दुसरी कशी असेल काय माहीत. हिच्या चुका मला पाठ आहेत.”

एकदा पुण्याला भाच्याच्या मुलीचं लग्न होतं. मिल्काबाईंनी भानुदासला बजावलं, “रविवारी सकाळी सहाला निघायचं. दहापर्यंत मला मशिदीत सोडायचं. कॅम्पाच्या जवळ.” भानुदासने परत म्हणून दाखवलं आणि शब्दाला जागला. गाडीत मिल्काबाईंना झोप लागली. जाग आली तेव्हा गाडी एका मशिदीसमोर उभी होती. खरोखरच्या मशिदीसमोर.

“अरे, हे कुठे आणलंस मला?”

“तुमीच म्हनल्या मशीद.”

“आमची मशीद म्हटलं मी! आम्ही आमच्या सिनेगॉगला मशीद म्हणतो!”

“आता तुमच्या मशिदीला तुमी मशीद म्हनता आन् त्यांच्या मशिदीलाबी मशीद म्हनता, तर मला गरिबाला काय कळावं?”

फाटकाशी बसलेल्या एका पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी ही हुज्जत ऐकली. भरजरी साडीतल्या आजींकडे पाहून ते म्हणाले, “यहुदी लोकांची का? पुढच्या चौकात डावीकडे वळा. मांडव दिसेल.” मांडव दिसला, लग्नही लागलं. पण परत आल्यावर भानुदास पायरीवर बसून मला म्हणाला, “मॅडम, उसाची डबल ट्रॉली घाटातून न्यायला सांगा, पन ह्या आजीला पुन्यात न्यायला सांगू नका.” मिल्काबाईंचा तक्रारअर्ज तोवर माझ्या टेबलावर पडलेला होता. अर्जात त्या दाढीवाल्या गृहस्थांचे मात्र आभार मानले होते आणि ते त्यांना कळवावेत अशी मला सूचना होती. कसे कळवावेत ते लिहिलं नव्हतं.

हे सगळं मी हसून सोडून देत असे. पण किप्पूरच्या दिवशी मी रडकुंडीला आले.

पावसाळा सरताना त्यांचे एकामागून एक सण येतात. त्यातला मोठा उपासाचा दिवस म्हणजे किप्पूर. त्यांच्या घरी त्याला दाराफाळणीचा, म्हणजे दारं लावून घ्यायचा सण म्हणत. सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, आणि दार बंद. वर्षभराच्या चुकांची देवाकडे क्षमा मागायची. त्या वेळी मिल्काबाई एक्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि त्यांना साखरेचा विकार होता. मी आठ दिवस आधीपासून समजावत होते. डॉक्टरांनी समजावलं. त्या ऐकून घेत. मला वाटलं, पटलंय.

संध्याकाळी मी फेरीला गेले तर दार आतून बंद. दाराला कागद चिकटवलेला, सुबक अक्षरात: ‘उद्या संध्याकाळपर्यंत दार उघडणार नाही. जिवंत आहे.’

“शेवंताबाई कुठेत?” मी विचारलं.

“आतच हायेत,” भानुदास म्हणाला.

मी खिडकीकडे धावले. पांढरं पातळ नेसून, डोक्यावर पदर घेऊन मिल्काबाई पलंगावर पुस्तक उघडून बसल्या होत्या. शेजारी शेवंताबाई मांडी घालून.

“शेवंताबाई, तुम्ही तरी दार उघडा!”

“आता कसं उघडू? म्याबी धरलाय उपास.”

“तुम्ही कशाला?”

“ही एवढ्या चुकांची माफी मागतीय तर म्हनलं, आपल्याबी दोन-चार हुतील मागून.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी त्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले. तिसगावच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी दुसरी खुर्ची घेतली. मी दीनाला फोन लावला. बंद. पुण्यातले त्यांचे हझ्झान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, त्यांना लावला. बंद. भाच्याला लावला, बंद. त्या दिवशी जगातला एकही ज्यू फोन उचलणार नाही हे माझ्या डोक्यात यायला दुपार झाली. शेवंताबाई आतून बातमी देत होत्या. “वाचतीय… उठली… छातीवर बुक्की मारून घेतीय, हळूच… बसली.” भानुदास पहार घेऊन दाराशी उभा होता. मी दार वाजवत होते, ओरडत होते, मध्येच हात जोडत होते. मिल्काबाईंनी एकदाही मान वर केली नाही.

दोनच्या सुमाराला शेवंताबाईंचा आवाज बदलला. “घाम फुटलाय हिला. हात कापत्यात.” डॉक्टर उठले. मी भानुदासला म्हटलं, घाल पहार. तेवढ्यात खिडकीतून दिसलं, शेवंताबाईंनी आपल्या उशाच्या गाठोड्यातून गुळाचा खडा काढला, मिल्काबाईंची हनुवटी धरली आणि लहान पोराच्या तोंडात कोंबावा तसा तो तोंडात कोंबला. मिल्काबाईंनी त्यांना ढकललं. हातातलं पुस्तक बाजूला ठेवून दोघी भांडल्या. भांडता भांडता गूळ विरघळला.

संध्याकाळी दार उघडलं. मिल्काबाई चौकट धरून उभ्या होत्या, कागदासारख्या पांढऱ्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “एवढं दार वाजवलंस सुलभा, की देवाला माझं काही ऐकूच गेलं नसेल.”

दोन दिवसांनी हझ्झानांचा फोन लागला. ते कळवळून म्हणाले, अशा प्रकृतीच्या माणसाने उपास करायचाच नसतो, जीव सांभाळणं हाच आमच्यात मोठा नियम. मी ते मिल्काबाईंना ऐकवलं. “त्याला मी दुपट्यात पाहिलाय,” एवढंच त्या म्हणाल्या. आणि पुढचं वर्षभर आपला उपास मोडल्याचा ठपका माझ्यावर ठेवला. कारण गूळ आश्रमाच्या कोठीतला होता.

शनिवार तर दर आठवड्याला यायचाच. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत अंघोळ करून त्या दिवा लावत, मनुका भिजवून केलेलं सरबत एका छोट्या पेल्यात घेऊन प्रार्थना म्हणत, आणि तिथून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काम बंद. लिहायचं नाही, दिवा-पंख्याचं बटण दाबायचं नाही, फोनला हात लावायचा नाही. इथपर्यंत माझी हरकत नव्हती. पण दुसऱ्याला ‘बटण दाब’ असं सांगायचंही नाही! मग त्या सुचवत. डिसेंबरात शुक्रवारी पंखा चालू राहून गेला, तर शनिवारी सकाळी दुलईत कुडकुडत त्या नव्या नर्सला म्हणाल्या, “हवा गार सुटलीय.” नर्स म्हणाली, “व्हय आजी, औंदा थंडी लईच हाय,” आणि निघून गेली. अर्ध्या तासाने मी गेले तर त्या निळ्या पडल्या होत्या आणि शेवंताबाई भिंतीकडे तोंड करून हसत होत्या.

त्यांचा असाच एक शनिवार मला विसरता येत नाही.

जानेवारी होता, हंगाम ऐन भरात. शेवंताबाईंच्या छातीत कफ धरला होता. दवाखान्यात जायला त्यांनी साफ नकार दिला. शुक्रवारी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, फार वेळ नाही, मुलाला बोलवा. मी अंकुशचा नंबर लावला. बंद. शनिवारी सकाळी पुन्हा लावला, तसाच. शेवंताबाई डोळे मिटून पडल्या होत्या. मधूनच “अंकुश आला का?” विचारत होत्या. मी फोन घेऊन त्यांच्या पायाशी बसले होते आणि मला काय करावं सुचत नव्हतं.

मिल्काबाई आपल्या पलंगावरून भिंतीला सांगावं तसं म्हणाल्या, “मोबाईल बंद असला म्हणजे माणूस बंद नसतो.”

“म्हणजे काय करू?”

त्यांनी मांडीवरच्या प्रार्थनेच्या पुस्तकाचं पान उलटलं. मग, “टोळी म्हटली की मुकादम आला. मुकादमाला गाव असतं. गावाला सरपंच असतो.”

मी सरपंचाला लावला. त्याच्याकडून मुकादमाच्या घरचा नंबर मिळाला. मुकादमाची बायको म्हणाली, मालक सातारच्या बाजूला हायेत, नंबर देते, पण रेंज नसतीया. रेंज नव्हतीच.

“फडात रेंज नसते,” मिल्काबाई भिंतीला म्हणाल्या. “पण ऊस कारखान्यावर जातो. कारखान्यात शेतकी ऑफिस असतं. त्यांच्याकडे कुठली टोळी कुणाच्या फडात आहे याची यादी असते.”

कारखान्याचा नंबर शोधला. शेतकी ऑफिसने सांगितलं, ही टोळी आमच्याकडून मागच्याच आठवड्यात दुसऱ्या कारखान्याला गेली. कुठल्या, ते माहीत नाही. मी कपाळाला हात लावला.

“टोळी एकटी जात नाही,” भिंतीला सांगितलं गेलं. “तिच्याबरोबर ट्रॅक्टर जातो. ट्रॅक्टरच्या मालकाला आपला ट्रॅक्टर कुठे आहे ते ठाऊक असतं.”

दुपारचे दोन वाजले. माझ्या पोटात अन्न नव्हतं आणि या बाई कोड्यात बोलत होत्या. माझा संयम सुटला. “मिल्काबाई, याला फोन कर, त्याला फोन कर, असं सरळ का नाही सांगत तुम्ही?”

“शनिवारी मी कुणाला काम सांगत नाही.”

“मग सकाळपासून हे काय चाललंय?”

“मी बोलतेय. त्यातलं ऐकायचं की नाही, ते तुझं तू बघ.”

“तुमच्यात जीव वाचवायला शनिवार मोडता येतो ना? तुमच्या हझ्झानांनीच सांगितलंय मला. घ्या ना मग फोन! तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमेल.”

त्यांनी पुस्तक मिटलं. पहिल्यांदा भिंतीकडे न बघता माझ्याकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, “जीव वाचवायला चालतं. पण तिचा जीव वाचणार नाही हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. उगीच देवाला फसवायला लावू नकोस मला.”

मी ट्रॅक्टरच्या मालकाचा नंबर शोधायला लागले. तो पाचला सापडला. ट्रॅक्टर कऱ्हाडच्या बाजूच्या एका कारखान्यावर होता. तिथल्या गव्हाणीत, म्हणजे उसाच्या गाड्या रिकाम्या होतात तिथे, फोन लावला की कोणी तरी उचलायचं, मागे यंत्रांचा खडखडाट, “काय? कोण? मोठ्यानं बोला,” आणि फोन ठेवून द्यायचं. असं चार वेळा झालं. मिल्काबाई काठी टेकत व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, कंटाळल्या. त्या आभाळाकडे बघत होत्या. पहिली चांदणी दिसली, दुसरी दिसली. तिसरीला वेळ लागला. ती दिसली तशा त्या आत आल्या, चष्मा नीट केला आणि माझ्यापुढे हात पसरला. “दे इकडे.”

मी नंबर लावून फोन दिला. त्या ताठ बसल्या आणि जो आवाज मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता तो आवाज निघाला. सपाट, स्वच्छ, घाई नसलेला.

“हॅलो. नगर बोलतेय. आपल्यासाठी ट्रंक कॉल आहे. लाइन सोडू नका.”

ट्रंक कॉल बंद होऊन किती वर्षं झाली! पण तिकडचा माणूस वयस्क असावा. त्याने लाइन सोडली नाही. मिल्काबाईंनी टोळीचं नाव, ट्रॅक्टरचा नंबर, अंकुशचं नाव, गावाचं नाव एकेक करून सांगितलं आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं. तो खडखडाटातून एकेक शब्द परत म्हणत होता, ते मला इथे ऐकू येत होतं. पंधरा-वीस मिनिटांनी अंकुश फोनवर आला. ट्रॉलीवर बसून आला होता तो कारखान्यात, नेमका त्याच खेपेला.

मिल्काबाईंनी त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि फोन शेवंताबाईंच्या कानाला लावला. स्वतः धरून ठेवला. अंकुश “आये, आये” करत होता. बऱ्याच वेळाने शेवंताबाईंचे ओठ हलले. “पोरं जेवली का रं?” तो काय म्हणाला ते कळलं नाही. मग त्या म्हणाल्या, “कोयता बायकूच्या हातात दिऊ नको अंधाराचा.” त्यानंतर पुष्कळ वेळ फोन तसाच कानाला होता. मिल्काबाईंनी दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला तेव्हा मी फोन घ्यायला गेले, तर त्यांनी डोळ्यांनीच मला लांब केलं.

शेवंताबाई रविवारी सकाळी सातला गेल्या. अंकुश मिळेल त्या गाडीने निघाला होता, तो पोचला साडेदहाला. तोपर्यंत मिल्काबाई त्यांच्याजवळून हलल्या नाहीत. त्यांच्यात मृत माणसाला एकटं ठेवत नाहीत. मी म्हटलं, चहा तरी घ्या. मला गप्प बसवलं.

अंकुश आला, आईच्या पायावर डोकं ठेवून रडला. रडणं ओसरलं तशी मिल्काबाईंनी त्याला फैलावर घेतलं. “नंबर बदलला की कळवायचं असतं, एवढं कळत नाही? जुनं कार्ड फेकलंस तेव्हा आईची आठवण झाली नाही?” चाळिशीचा, उसाच्या पाचटाने हात फाटलेला तो माणूस मान खाली घालून उभा राहिला. मला वाटलं, आता मीच या बाईंना खोलीबाहेर काढते. तोच त्यांनी त्याला आपल्या पलंगावर बसवलं आणि त्याची आई शेवटच्या दोन दिवसांत काय काय बोलली ते सांगायला सुरुवात केली. शब्द न् शब्द. कधी पाणी मागितलं, कधी नातवाचं नाव घेतलं, कुठल्या गाईबद्दल विचारलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, “आता परत म्हण.” आणि तो म्हणायला लागला. अडला की त्या सांगत. तिरडी बांधून तयार होती, माणसं बाहेर खोळंबली होती, पण मी आत गेले नाही.

त्या उन्हाळ्यात मिल्काबाई न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण दीनाने हट्ट धरला आणि ती न्यायला आली. याआधी तीनदा मिल्काबाईंनी तिला परत पाठवलं होतं. या वेळी त्या तयार झाल्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “इतकी वर्षं नाही म्हणालात, आता का?”

“इथे मेले तर मला पुण्याच्या दफनभूमीत न्यायचं, एका दिवसाच्या आत न्यायचं, शनिवार असेल तर थांबायचं, प्रार्थनेला आमचे दहा पुरुष जमवायचे. तुझ्याच्याने होणार नाही. तू घोळ घालशील.”

मला इतका राग आला की मी निरोपाचं जेवणसुद्धा धड केलं नाही. साडेचार वर्षं मी या बाईचं काय काय केलं होतं! त्या रात्री झोपण्याआधी माझ्या लक्षात आलं की त्या घोळाची कामं मी बोटांवर मोजत होते आणि दहाव्या पुरुषापाशी अडले होते.

सकाळी टॅक्सी आली. सगळे म्हातारे व्हरांड्यात जमले. मिल्काबाईंनी कोणाच्या गळ्यात पडणं वगैरे केलं नाही. भानुदासने ट्रंका चढवल्या, त्यांनी त्या नीट बांधल्यात का ते पाहिलं आणि आत बसल्या. टॅक्सी फाटकापर्यंत गेली, थांबली, आणि उलटी येत माझ्यापाशी आली. काच खाली झाली.

“खोलीत कोणाला ठेवणार आहेस?”

“अजून ठरलं नाही.”

“शेवंताच्या पलंगावर ऊन फार उशिरा येतं. तिथे म्हातारं माणूस ठेवू नकोस.”

“आमच्याकडे सगळेच म्हातारे आहेत, मिल्काबाई.”

“मग पलंग हलव,” त्या म्हणाल्या, आणि काच वर केली.

मी चिडून ऑफिसात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या रिकाम्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसून राहिले. खिडकीजवळच्या पलंगावर सातलाच ऊन होतं. शेवंताबाईंच्या पलंगाच्या पायथ्याशी ते पोचलं तेव्हा पावणेदहा झाले होते. मी भानुदासला हाक मारली.